कात्री कोणावर? मंदीतील वैमानिक-कपात आणि न्यायाचा प्रश्न

(औद्योगिक संबंधांवरील एका व्याख्यानाचे हे शब्दांकन. मंदीच्या काळात विमान कंपन्या कोणत्या वैमानिकांना काढतात आणि तो क्रम कोण ठरवतो, या प्रश्नाचा व्याख्यानात ऊहापोह करण्यात आला.)



1919 सालच्या जुलै महिन्यातील ही घटना आहे. न्यूयॉर्कजवळच्या बेलमाँट पार्क येथे दाट धुके उतरले होते. अमेरिकेच्या टपाल खात्याची विमाने तेथून वॉशिंग्टनकडे टपाल नेत असत. त्या काळचे विमान म्हणजे लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेले कापड आणि वैमानिकासाठी उघडी बैठक. धुक्यात वाट दाखवणारी साधने जवळजवळ नव्हतीच. दोन वैमानिकांनी अशा हवेत उड्डाण करण्यास नकार दिला. वॉशिंग्टनच्या कचेरीत बसलेले टपाल खात्याचे अधिकारी ऑटो प्रेगर यांनी दोघांनाही कामावरून दूर केले. ही वार्ता कळताच त्यांच्या सहकाऱ्यांनी काम थांबवले. काही दिवसांत तडजोड झाली. दोघांपैकी एकाला परत घेण्यात आले आणि हवा उड्डाणास योग्य आहे की नाही, याचा निर्णय यापुढे दूरच्या कचेरीत न होता त्या त्या विमानतळावर व्हावा, असे ठरले.

वरवर पाहता या प्रसंगाचा मंदीशी काही संबंध दिसत नाही.  तरीही मंदीतील कपातीचा विचार करताना येथूनच आरंभ करावा लागतो. कोणाला ठेवायचे आणि कोणाला काढायचे हे पूर्णपणे वरिष्ठांच्या मर्जीवर अवलंबून असेल, तर 'नाही' म्हणण्याची किंमत नोकरी ही असते. ज्या वैमानिकाला 'नाही' म्हणता येत नाही, त्याच्या पाठीमागे बसलेल्या दीडदोनशे प्रवाशांचा जीव त्या भीतीच्या हाती असतो. म्हणून वैमानिकांच्या कपातीचा प्रश्न त्यांच्या पगारापुरता मर्यादित राहत नाही. तो विमानात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचा प्रश्न होतो.

कंपनीचे गणित

मंदी आली की विमान कंपनीचे उत्पन्न झपाट्याने आटते, पण विमानांचे भाडे, कर्जाचे हप्ते आणि पगार हे चालूच राहतात. साठवून ठेवता येईल असा माल तिच्यापाशी नसतो. आजच्या विमानातील रिकामी गेलेली खुर्ची उद्या विकता येत नाही. मग काही विमाने उभी केली जातात आणि त्यांच्यासोबत ती चालवणारी माणसेही 'जादा' ठरतात.

येथे इतर उद्योगांहून एक मोठा फरक आहे. वैमानिक सरसकट कोणतेही विमान चालवू शकत नाही. त्याला विशिष्ट प्रकारच्या विमानाची पात्रता घ्यावी लागते, तिला 'टाइप रेटिंग' म्हणतात. बोइंग 777 चा कॅप्टन उद्या सकाळी एअरबस 320 च्या बैठकीत बसू शकत नाही. त्यासाठी वर्ग, सिम्युलेटरवरील सराव, परीक्षा आणि अनुभवी प्रशिक्षकाच्या देखरेखीखालील उड्डाणे, असा अनेक आठवड्यांचा खर्चिक क्रम पूर्ण करावा लागतो.

कंपनीने मोठ्या विमानांचा ताफा बंद केला, असे धरून चालू. त्या ताफ्यावरचे कॅप्टन बहुधा सर्वांत ज्येष्ठ असतात. ज्येष्ठतेचा नियम काटेकोर पाळायचा तर ते खालच्या ताफ्यावर येतात, तेथील कनिष्ठ कॅप्टन पुन्हा सहवैमानिक होतात, त्यांच्यामुळे तेथील सहवैमानिक आणखी खाली सरकतात आणि अखेरचा तरुण बाहेर पडतो. एका माणसाला घरी पाठवण्यासाठी तिघा-चौघांना नव्याने शिकवावे लागते. म्हणून व्यवस्थापनाला ताफानिहाय कपात सोपी वाटते. जे विमान बंद झाले, त्याचे वैमानिक बंद! हिशेबाच्या वहीत हे नीटनेटके दिसते. परंतु पंचवीस वर्षे सेवा केलेल्या माणसाला आपण चुकीच्या वेळी चुकीच्या विमानावर होतो एवढ्याच कारणाने रस्ता दाखवला जातो, तेव्हा त्या वहीत न मांडलेली एक रक्कम शिल्लक राहते.

दुसरा मोह खर्चाचा. ज्येष्ठ कॅप्टनचा पगार नवख्या सहवैमानिकाच्या कित्येक पट असतो. एका ज्येष्ठाला काढले की अनेक कनिष्ठांना काढण्याइतकी बचत होते. तिसरी वाट कमीत कमी प्रतिकाराची. परिवीक्षा काळातील, कंत्राटी आणि प्रशिक्षणार्थी वैमानिकांना प्रथम काढायचे, कारण त्यांच्या बाजूने बोलणारे कोणी नसते.

यादीतील क्रमांक

या तिन्ही मोहांना अमेरिकेतील वैमानिकांनी एकच उत्तर दिले, ते म्हणजे ज्येष्ठता यादी. 1931 मध्ये तेथे वैमानिकांची संघटना उभी राहिली. 1926 च्या रेल्वे कामगार कायद्याचे संरक्षण 1936 मध्ये विमानसेवेला मिळाले. पुढे करारामागून करार होत गेले आणि कंपनीत रुजू झाल्याच्या तारखेवरून ठरणारा क्रमांक हे वैमानिकाचे सर्वस्व बनले. कोणते विमान, कोणते शहर, कोणत्या सुट्ट्या, कॅप्टनपद केव्हा, हे सर्व त्या क्रमांकावरून ठरते. कपातही त्याच यादीच्या तळापासून सुरू होते. जो शेवटी आला तो प्रथम जातो. चांगले दिवस परतले की बोलावणे उलट्या क्रमाने येते. या तात्पुरत्या कपातीला तेथे 'फर्लो' म्हणतात.

या पद्धतीचा मोठा गुण असा की तीत कोणाच्या मर्जीला जागा नाही. वरिष्ठांशी गोड बोलणाऱ्याचा क्रमांक वर चढत नाही आणि धुक्यात उड्डाण नाकारणाऱ्याचा खाली घसरत नाही. 1919 च्या त्या सकाळचा धडा या यादीत मुरलेला आहे.

परंतु गुणाच्या सावलीत दोषही वाढतात. पहिला दोष हा की संकटाचा सारा भार सर्वांत तरुण खांद्यांवर पडतो. 11 सप्टेंबर 2001 च्या दहशतवादी हल्ल्यानंतर अमेरिकेत हजारो वैमानिकांची कपात झाली. त्यांतील काहींना परत बोलावणे येण्यास दशकभराचा काळ लागला. त्या अवधीत मुलांची शिक्षणे झाली, घरे विकली गेली, अनेकांनी हा व्यवसायच सोडला. दुसरा दोष असा की हा क्रमांक कंपनीबाहेर शून्य ठरतो. पन्नाशीतला कॅप्टन दुसऱ्या कंपनीत गेला तर तेथील यादीच्या तळाशी बसतो. म्हणून कंपनी बुडाली की त्याची सारी पुण्याई तिच्यासोबत बुडते. तिसरा दोष असा की जे समाजघटक या व्यवसायात उशिरा आले, ते यादीच्या तळाशीच सापडतात. महिला वैमानिकांचे प्रमाण भारतात सुमारे 15 टक्के आहे, जगात ते 5 टक्क्यांच्या आसपास आहे. जेथे त्यांची भरती नुकती वाढू लागली आहे, तेथे 'शेवटी आला तो प्रथम गेला' हा नियम त्यांनाच प्रथम लागतो.

दोन कंपन्या एकत्र होतात तेव्हा तर ही यादी रणभूमी बनते. 2001 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने डबघाईस आलेली टीडब्ल्यूए ही जुनी कंपनी घेतली. टीडब्ल्यूएच्या बहुसंख्य वैमानिकांना एकत्रित यादीच्या तळाशी टाकण्यात आले. पाठोपाठ मंदी आली आणि वर्षानुवर्षे सेवा केलेली ही माणसे सर्वांआधी बाहेर पडली. नियम पाळला गेला होता, न्याय मात्र हरवला होता. त्याची बोच इतकी राहिली की 2007 मध्ये अमेरिकेच्या संसदेला विलीनीकरणानंतरच्या याद्या न्याय्य रीतीने एकत्र कराव्यात, असा कायदा करावा लागला.

गुणांकनाची दुधारी तलवार

मग ज्येष्ठतेऐवजी गुणवत्ता हाच निकष का नसावा? हा प्रश्न मध्यमवर्गीय मनाला सहज पटतो. ब्रिटनमध्ये कायद्याने ज्येष्ठता हा एकमेव निकष सक्तीचा केलेला नाही. पात्रता, कौशल्य, शिस्तभंगाची नोंद, उपस्थिती अशा निकषांना गुण देऊन क्रम लावण्याची रीत तेथे अनेक उद्योगांत आहे. निकष निष्पक्ष असावेत आणि शंभर वा अधिक माणसांना काढायचे असेल तर किमान 45 दिवस आधी सल्लामसलत सुरू करावी, असे बंधन आहे. केवळ सेवेच्या वर्षांना महत्त्व दिल्याने तरुणांवर वयाच्या आधारे अन्याय होतो का, हा वादही तेथे न्यायालयात गेला. रोल्स रॉइस कंपनीच्या प्रकरणात 2009 मध्ये अपील न्यायालयाने निर्णय दिला की अनेक निकषांपैकी एक म्हणून सेवाकाळाला गुण देणे समर्थनीय ठरू शकते.

परंतु वैमानिकाची गुणवत्ता मोजायची कशी? विक्रेत्याची विक्री मोजता येते. उत्तम वैमानिकाच्या कारकिर्दीत मात्र सांगण्यासारखे काही घडतच नाही. त्याचे विमान वेळेवर निघते, वेळेवर उतरते आणि प्रवाशांना त्याचे नावही ठाऊक नसते. न घडलेला अपघात कोणत्या रकान्यात मांडावा?

अशा वेळी मोजता येण्याजोग्या गोष्टींकडे हात वळतात आणि सर्वांत सोपी मोजणी रजेची. 2020 च्या उन्हाळ्यात इझीजेट या कंपनीच्या प्रस्तावित निकषांत आजारपणाच्या रजांचा विचार असल्याचे समजताच ब्रिटिश वैमानिकांच्या संघटनेने तीव्र हरकत घेतली. ही हरकत वैमानिकांच्या लाडासाठी नव्हती. ज्याला ताप आहे, ज्याचे कान दुखत आहेत, ज्याची झोप झालेली नाही, त्याने विमान चालवू नये हा विमानशास्त्राचा प्राथमिक नियम आहे. घेतलेली प्रत्येक रजा पुढील मंदीत आपल्याविरुद्ध साक्ष देईल अशी भीती एकदा मनात बसली की वैमानिक गोळी घेऊन कामावर येऊ लागतो. थकव्याचा अहवाल लिहिताना त्याचा हात अडखळतो. इंधन थोडे अधिक घ्यावे का, उतरण्याचा प्रयत्न सोडून पुन्हा घिरटी घ्यावी का, या निर्णयांच्या वेळीही त्याच्या मनात कचेरीचा विचार डोकावतो. कपातीचा निकष कागदावर असतो, परिणाम मात्र धावपट्टीवर दिसतो.

घर पाहणारा कायदा

जर्मनीची वाट वेगळी आहे. तेथील सेवासंरक्षण कायद्यानुसार कंपनीच्या अडचणीमुळे कपात करावी लागली, तर कोणाला काढायचे हे ठरवताना चार गोष्टी पाहाव्या लागतात. सेवेची वर्षे, वय, पालनपोषणाची जबाबदारी आणि गंभीर अपंगत्व. यांतील तिसरी गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. दोघे समान असतील, तर ज्याच्यावर मुलाबाळांचा भार अधिक, त्याला कायदा अधिक जपतो. नोकरी गमावण्याचा घाव सर्वांवर सारखा पडत नाही, हे सत्य तेथे कायद्याने मान्य केले आहे. माणसाकडे केवळ एक सुटी व्यक्ती म्हणून न पाहता त्याच्या पाठीशी उभे असलेले घर पाहणे, हा विचार भारतीय मनाला परका वाटू नये.

आधी भाकरी वाटून घ्यावी

2020 मध्ये कोरोनाच्या महामारीने जगभरची विमाने जमिनीवर आणली, तेव्हा या साऱ्या पद्धतींची एकाच वेळी परीक्षा झाली. अमेरिकन सरकारने मार्च 2020 मध्ये कंपन्यांना वेतनासाठी साहाय्य दिले आणि 30 सप्टेंबरपर्यंत सक्तीची कपात करू नये अशी अट घातली. मुदत संपताच दोन चित्रे दिसली. अमेरिकन एअरलाइन्सने सुमारे 1,600 वैमानिकांना फर्लोवर पाठवले. युनायटेडमध्ये मात्र संघटना आणि कंपनी यांनी एकत्र बसून उड्डाणाचे तास कमी केले, उपलब्ध काम सर्वांत वाटले आणि 2,850 वैमानिकांची कपात टाळली. ज्येष्ठांनी आपल्या ताटातील थोडे कमी घेतले म्हणून कनिष्ठांचे ताट रिकामे झाले नाही.

ब्रिटिश एअरवेजमध्ये वैमानिकांनी 20 टक्क्यांची वेतनकपात मतदानाने स्वीकारली. ती दोन वर्षांत 8 टक्क्यांवर यावी आणि पुढे संपावी असे ठरले. सक्तीने काढल्या जाणाऱ्यांची संख्या त्यामुळे 270 पर्यंत सीमित झाली. शिवाय काही वैमानिकांना कमी वेतनावर राखून ठेवण्याची योजना आखण्यात आली, म्हणजे काम वाढताच त्यांना परत घेता यावे. लुफ्तान्सामध्येही कामाचे तास आणि वेतन घटवून कपात लांबणीवर टाकण्याचा करार झाला. याउलट हाँगकाँगच्या कॅथे पॅसिफिकने ऑक्टोबर 2020 मध्ये आपली कॅथे ड्रॅगन ही शाखाच बंद केली आणि उरलेल्या वैमानिकांपुढे कायमस्वरूपी कमी वेतनाचे नवे करार सहीसाठी ठेवले.

वाटून घेणे हे केवळ दयेचे कृत्य नाही, त्यात व्यवहारही आहे. वैमानिकाचे कौशल्य तलवारीसारखे असते, म्यानात पडून राहिले तर गंजते. प्रवासी घेऊन उडण्यासाठी मागील 90 दिवसांत तीन उड्डाणे आणि तीन अवतरणे केलेली असावी लागतात. ठरावीक अवधीने कौशल्याची आणि प्रकृतीची तपासणी द्यावी लागते. वर्षभर घरी बसलेला वैमानिक एका दूरध्वनीवर कामावर हजर होऊ शकत नाही. अमेरिकेत डेल्टाच्या सुमारे 1,800 वैमानिकांनी 2020 मध्ये मुदतपूर्व निवृत्ती घेतली. 2022 मध्ये प्रवासी परतले, तेव्हा अनेक कंपन्यांना वैमानिक कमी पडले आणि उड्डाणे रद्द करावी लागली. मंदीत घाईने रिकामी केलेली खुर्ची तेजीत तितक्या घाईने भरता येत नाही.

आपल्याकडे काय घडले?

भारतात औद्योगिक विवाद अधिनियम, 1947 मध्ये 'शेवटी आला तो प्रथम गेला' हे तत्त्व होते. वेगळा क्रम लावायचा तर मालकाने कारणे नोंदवावीत, असे बंधन होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनेही हे तत्त्व कायम ठेवले आहे. अडचण अशी की लाखो रुपये वेतन घेणारा आणि विमानाचा प्रमुख असलेला कॅप्टन कायद्याच्या व्याख्येत 'कामगार' ठरतो की 'व्यवस्थापक', हा वाद न्यायालयांत वारंवार गेला. परिणामी मंदी आली की नियमापेक्षा नेमणुकीच्या पत्रातील बारीक अक्षरे प्रभावी ठरतात.

ऑक्टोबर 2008 मधील मुंबईचे दृश्य अनेकांना आठवत असेल. जेट एअरवेजने सुमारे 1,900 कर्मचाऱ्यांना कमी करण्याचे ठरवले. त्यांत केबिन कर्मचारी मोठ्या संख्येने होते आणि परिवीक्षा काळातील तरुण-तरुणींवर प्रथम कुऱ्हाड पडली. गणवेशातील ती मुले-मुली रस्त्यावर उतरली, राजकीय पक्षांकडे गेली, दूरचित्रवाणीवर त्यांचे अश्रू देशाने पाहिले. लगेच 16 ऑक्टोबरच्या रात्री कंपनीचे प्रमुख नरेश गोयल यांनी निर्णय मागे घेतला. सर्वांना हायसे वाटले. परंतु शांतपणे विचार केला तर काढणे हीही मर्जी होती आणि परत घेणे हीही मर्जीच होती. मर्जीने मिळालेले मर्जीने जाते. 17 एप्रिल 2019 रोजी तीच कंपनी थांबली, तेव्हा ज्येष्ठ आणि कनिष्ठ असा भेद करण्यास काही उरलेच नाही.

सरकारी कंपनीचा अनुभवही बोलका आहे. 2007 मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या, पण माणसांची मने आणि याद्या एक झाल्या नाहीत. न्यायमूर्ती धर्माधिकारी समितीचा अहवाल 2012 मध्ये आला. त्याच वर्षी नव्या बोइंग 787 विमानांच्या प्रशिक्षणात कोणाला स्थान, या वादातून वैमानिकांचा 58 दिवसांचा संप झाला. पुढे जुलै 2020 मध्ये महामारीच्या काळात एअर इंडियाने कर्मचाऱ्यांना सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत सक्तीच्या बिनपगारी रजेवर पाठवण्याची योजना आणली. त्यासाठीच्या निकषांत योग्यता आणि कार्यक्षमतेबरोबरच प्रकृती आणि पूर्वी आजारपणामुळे कामावर उपलब्ध नसणे, यांचाही समावेश होता. त्याच ऑगस्टमध्ये, राजीनामे देऊन नंतर ते मागे घेतलेल्या चाळीसहून अधिक वैमानिकांची सेवा कंपनीने संपवली. 1 जून 2021 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द करून त्यांना परत घेण्याचा आदेश दिला. न्याय मिळाला, पण जवळजवळ दहा महिन्यांनी. ईएमआय दहा महिने थांबत नाही.

नोव्हेंबर 2024 मध्ये विस्तारा ही कंपनी टाटा समूहाच्या एअर इंडियात विलीन झाली. याद्या जोडण्याचा प्रश्न म्हणूनच इतिहासजमा झालेला नाही. आणि डिसेंबर 2025 मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम पूर्ण लागू झाल्यावर इंडिगोला वेळापत्रकाइतकी माणसे उभी करता आली नाहीत, काही दिवसांत हजारो उड्डाणे रद्द झाली, हे देशाने अनुभवले. जादा वाटणारा वैमानिक हा वस्तुतः व्यवस्थेचा श्वास असतो, हे तेव्हा लक्षात आले.

उद्योग हे कुटुंब

पाश्चात्य जगाने या प्रश्नाची दोन उत्तरे दिली. एक मालकाच्या नफ्याचे, दुसरे वर्गसंघर्षाचे. भारतीय विचाराने तिसरी दिशा दाखवली आहे. लोकमान्य टिळकांच्या जयंतीदिनी, 23 जुलै 1955 रोजी भोपाळ येथे भारतीय मजदूर संघाची स्थापना झाली. वर्धा जिल्ह्यातील आर्वी येथे जन्मलेले दत्तोपंत ठेंगडी त्याचे संस्थापक. राष्ट्राचे औद्योगिकीकरण, उद्योगाचे श्रमिकीकरण आणि श्रमिकांचे राष्ट्रीयीकरण ही त्रिसूत्री त्यांनी दिली. मालक आणि मजूर हे परस्परांचे शत्रू नसून उद्योग हे एक कुटुंब आहे, ही त्यामागील धारणा. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल 1965 मध्ये मुंबईत एकात्म मानववादावर जी चार व्याख्याने दिली, त्यांतही प्रत्येक सक्षम माणसाला काम मिळणे हे अर्थव्यवस्थेचे उद्दिष्ट मानले आहे.

याचे मूळ फार जुने आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या पाचव्या अधिकरणात सेवकांच्या वेतनाचा विचार आहे. सेवकांवरील खर्च उत्पन्नाच्या चौथ्या हिश्शात बसावा, अशी मर्यादा तो घालून देतो. म्हणजे तिजोरीचे भान त्याला पक्के आहे. परंतु कोश क्षीण झाला तर काय? राजाने रोख थोडी द्यावी आणि बाकी वनातील वस्तू, पशू, जमीन अशा रूपाने द्यावे, असे तो सांगतो. कर्तव्य करताना सेवक मरण पावला तर त्याच्या मुलाबायकांना अन्न-वेतन द्यावे, असेही सांगतो. ओढगस्तीच्या दिवसांत देण्याचे रूप बदलावे, नाते तोडू नये, हे या व्यवस्थेचे सार आहे. 2020 साली तास वाटून घेणाऱ्या वैमानिकांनी नकळत तेच केले.

कुटुंबाचा दाखला देताना एक सावधगिरी मात्र हवी. कुटुंब म्हणायचे आणि निकष कप्प्यात लपवायचे, हा दांभिकपणा झाला. एकत्र कुटुंबातही दुष्काळ पडला की कर्ता पुरुष सर्वांत शेवटी जेवतो. उद्योगाला कुटुंब म्हणवून घ्यायचे असेल, तर वेतनकपात वरून सुरू झाली पाहिजे. संचालकांचे मानधन अबाधित आणि प्रशिक्षणार्थ्याची नोकरी संपली, असे कुटुंब कोणी पाहिलेले नाही.

काय करता येईल?

यातून काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली गोष्ट, क्रम सुकाळात ठरावा. वादळ सुरू झाल्यावर होकायंत्र बसवता येत नाही. कपातीचा नियम भरतीच्या वेळीच लिखित स्वरूपात प्रत्येकाच्या हाती असावा. दुसरी गोष्ट, प्रथम वाटप आणि मग कपात. कमी तास, ऐच्छिक रजा, ऐच्छिक निवृत्ती आणि वरून खाली येणारी वेतनकपात हे सारे उपाय संपल्यावरच सक्तीची कपात यावी. तिसरी गोष्ट, सक्तीची कपात अटळच ठरली तर ज्येष्ठता हा पाया असावा आणि त्याला अपवाद करायचा तर कारण लेखी नोंदवले जावे. कौटुंबिक जबाबदारीचा विचार करण्यासही जागा असावी. चौथी गोष्ट अत्यंत महत्त्वाची आहे. आजारपणाची रजा, थकव्याचे अहवाल आणि सुरक्षिततेसाठी दिलेले नकार यांना कपातीच्या निकषांत कोणत्याही वाटेने प्रवेश नसावा. पाचवी गोष्ट, परतीचा दरवाजा उघडा असावा. जो बाहेर गेला, त्याला नव्या भरतीआधी बोलावणे जावे आणि मधल्या काळात त्याचा परवाना जिवंत ठेवण्यासाठी सिम्युलेटरचा सराव मिळावा. हा खर्च नव्या वैमानिकाला घडवण्याच्या खर्चापुढे किरकोळ आहे.

पालकांनीही काही गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. आज गोंदिया आणि बारामतीसारख्या ठिकाणी उड्डाणाचे शिक्षण मिळते. शिक्षक, शेतकरी, बँक कर्मचारी यांची मुले-मुली वैमानिक होत आहेत, ही अभिमानाची गोष्ट आहे. परवाना आणि टाइप रेटिंग मिळून खर्च 50 लाखांच्या पुढे सहज जातो आणि त्यासाठी राहते घर गहाण पडते. कंपनी निवडताना मुलाच्या खांद्यावरच्या पट्ट्या पाहिल्या जातात, नेमणुकीच्या पत्रातील कपातीचे कलम मात्र वाचले जात नाही. ते वाचावे. परिवीक्षा किती, बंधपत्र किती वर्षांचे, बिनपगारी रजेचा अधिकार कोणाला, हे विचारावे. पहिल्या पगारापासून काही महिन्यांचा हप्ता बाजूला ठेवण्याची जुनी मध्यमवर्गीय सवय येथेही उपयोगी पडते.

15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा टपालाच्या पिशव्या घेऊन कराचीहून निघाले आणि मुंबईत जुहूला उतरले. भारतीय विमानसेवेचा आरंभही अमेरिकेसारखाच टपालाने झाला. तेव्हा मालक आणि वैमानिक एकच होते. धुक्यात उडायचे की नाही, हे ठरवणाऱ्याचा जीवच पणाला लागलेला होता. आज ठरवणारा कचेरीत असतो आणि उडणारा आकाशात. या दोघांमधील अंतर जोडणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे विश्वास. संकटातही आपल्याशी न्यायाने वागले जाईल, असा भरवसा ज्या वैमानिकाला आहे, तोच समोर धुके दिसताच निःशंकपणे सांगू शकतो, 'आज नाही.' आणि त्याच्या त्या दोन शब्दांवर कितीतरी घरांतील माणसे संध्याकाळी सुखरूप परत येतात.